घरगुती कार्यशाळा, संमिश्र द्रव्ये आणि मोटारीचा डॅशबोर्ड : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मोटारीचा इतिहास बहुतांशी कारखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. हायलंड पार्क येथे १९१३ साली सुरू झालेली फिरती जोडणी-साखळी, त्यातून घटलेली किंमत आणि वाढलेली बाजारपेठ हा या लेखनाचा ठरलेला मार्ग होय. या मार्गावर ग्राहक भेटतो, कामगार भेटतो, भांडवलदारही भेटतो; परंतु आपल्या घरामागील शेडमध्ये स्वतःच्या हाताने मोटारीचा एखादा भाग घडविणारा माणूस क्वचितच भेटतो. तो हौशी म्हणून बाजूला काढला जातो. वस्तुतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या माणसाच्या हाती एक असे द्रव्य आले की ज्याला अजस्र दाबयंत्र लागत नव्हते, भट्टी लागत नव्हती आणि ओतशाळाही लागत नव्हती. काचतंतू आणि राळ यांच्या संयोगातून तयार होणारे हे संमिश्र द्रव्य म्हणजेच लोकभाषेतील ‘फायबर’ होय.

प्रस्तुत लेखात या द्रव्याच्या घरगुती वापराचा इतिहास मोटारीच्या डॅशबोर्डच्या अनुषंगाने मांडला आहे. डॅशबोर्डची निवड सहेतुक आहे. मोटारीत चालकाचा हात, त्याची नजर आणि दुर्दैवाने अपघात घडल्यास त्याचे मस्तक ज्या एका भागापर्यंत पोहोचते, तो भाग म्हणजे डॅशबोर्ड. घरी मोटार सजविणाऱ्याला हाच भाग प्रथम बदलावासा वाटतो आणि सुरक्षेच्या कायद्याची नजरही याच भागावर विशेष रोखलेली असते. म्हणूनच, स्वतः वापरावयाची वस्तू स्वतः घडविण्याचा अधिकार माणसाला कोठवर असावा, हा प्रश्न येथे नेमकेपणाने उभा राहतो.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) डॅशबोर्ड या संकल्पनेच्या स्वरूपात झालेल्या बदलांचा मागोवा घेणे.
२) संमिश्र द्रव्याचे तंत्र युद्धोपयोगी प्रयोगशाळेतून घरगुती कार्यशाळेत कसे आले, ते पाहणे.
३) घरगुती निर्मिती आणि सुरक्षाविषयक कायदा यांच्यातील ताणाचे ऐतिहासिक स्वरूप स्पष्ट करणे.
४) भारतातील, विशेषतः महाराष्ट्र व गोव्यातील, संबंधित प्रयत्नांची नोंद घेणे.

चिखल अडविणारी फळी ते उपकरणांचे पटल :

‘डॅशबोर्ड’ हा शब्द मोटारीहून जुना आहे. घोडागाडीत बसलेल्यांच्या अंगावर घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल येऊ नये म्हणून पुढील बाजूस जी लाकडी अथवा चामड्याची आडवी फळी लावीत, तिला हे नाव होते. आरंभीच्या मोटारींनी घोडा सोडला, पण फळी सोडली नाही. १९०१ ते १९०७ या काळात तयार झालेली ओल्डस्मोबिल कंपनीची मोटार पुढील वळणदार फळीमुळेच ‘कर्व्ह्ड डॅश’ या नावाने ओळखली गेली. पुढे इंजिन चालकाच्या समोर आले, तेव्हा ही फळी इंजिन आणि माणूस यांच्यामधील भिंत बनली. वेगमापक, तेलदाब दर्शविणारा काटा, इंधनाचा काटा अशी उपकरणे बसविण्यास हीच जागा सोयीची होती. अशा रीतीने चिखल अडविणारी फळी मोटारीची माहिती देणारे पटल झाली. नाव तेच राहिले, कार्य मात्र संपूर्ण बदलले.

१९३० च्या दशकात पोलादी पत्र्याचा डॅशबोर्ड रूढ झाला. तो टिकाऊ होता आणि दाबयंत्रावर हजारोंच्या संख्येने निघत होता. परंतु त्यावरील पुढे आलेल्या खुंट्या, बटणे आणि धारदार कडा अपघातात चेहरा फोडीत. डेट्रॉईटमधील प्लास्टिक सर्जन डॉ. क्लेअर स्ट्रेथ यांच्यापुढे शस्त्रक्रियेच्या टेबलावर असे चेहरे सातत्याने येत. त्यांनी १९३० च्या दशकातच स्वतःच्या मोटारीच्या डॅशबोर्डवर मऊ गादी बसवून घेतली आणि कंपन्यांनीही तसे करावे असा आग्रह धरला. येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. सुरक्षित डॅशबोर्डच्या इतिहासातील या सुरुवातीच्या प्रयत्नांत कारखान्याबाहेरच्या एका व्यक्तीने स्वतःच्या मोटारीत केलेला बदल ठळकपणे दिसतो.

काचतंतू आणि राळ : एका द्रव्याचा जन्म :

काचेचे बारीक तंतू काढण्याची व्यापारी पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या आरंभी गेम्स स्लेटर आणि त्यांचे सहकारी डेल क्लाइस्ट यांच्या प्रयोगांतून सिद्ध झाली. १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही कंपनी स्थापन झाली. याच दशकात कार्लटन एलिस यांनी पॉलिएस्टर राळेसंबंधी महत्त्वाचे काम केले. काचतंतू ताणात मजबूत असतात. परंतु एकटे असताना ते कापडासारखे लवतात. राळ आकार धरते. परंतु एकटी असताना ठिसूळ असते. दोहोंच्या संयोगात तंतू भार वाहतो आणि राळ त्याला जागेवर धरून ठेवते. संमिश्र द्रव्याचे तत्त्व एवढेच आहे. मातीत भुसा अथवा गवत मिसळून भिंत लिंपणाऱ्यास ते नवे वाटणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात रडार यंत्रणेवरील आवरणांसाठी हे द्रव्य उपयुक्त ठरले, कारण त्यातून रडारच्या लहरी पार जातात. युद्ध संपताच याच द्रव्याच्या नौका बनू लागल्या. नौकाबांधणीतील ‘हाताने थर चढविणे’ ही पद्धत मोटारीच्या घरगुती इतिहासात निर्णायक ठरली. साच्याला मेण लावावे, काचतंतूंची चटई पसरावी, ब्रशने राळ भिजवावी, रोलरने हवेचे बुडबुडे काढावेत आणि राळ नेहमीच्या हवेत घट्ट होऊ द्यावी, एवढ्यावर काम भागत होते. पोलादी डॅशबोर्डसाठी दाबयंत्र आणि कठीण पोलादाचे महागडे ठसे लागत. येथे लाकूड, प्लास्टर आणि चिकाटी पुरेशी होती. उत्पादनाच्या साधनांची किंमत एकाएकी सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आली, हा या द्रव्याने घडविलेला खरा बदल होय.

कॅलिफोर्नियातील नौकाकार :

कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथे बिल ट्रिट हे फायबरग्लासच्या नौका बनवीत. केन ब्रूक्स या लष्करी अधिकाऱ्यासाठी त्यांनी जीपच्या सांगाड्यावर एक फायबरग्लासची मोटार घडविली. त्यातूनच ग्लासपार जी-२ हा मोटारीचा साठा विक्रीस आला. राळ पुरविणाऱ्या नॉगटक केमिकल कंपनीने या प्रयोगाला पाठबळ दिले आणि १९५२ च्या फेब्रुवारीत ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याची दखल घेतली. ही मोटार जनरल मोटर्सलाही दाखविण्यात आली. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलातील प्रदर्शनात शेवरले कॉर्व्हेट ही फायबरग्लासच्या साठ्याची मोटार मांडली गेली आणि ३० जून १९५३ रोजी फ्लिंट येथे तिचे उत्पादन सुरू झाले. त्या वर्षी ३०० मोटारी तयार झाल्या. कारखान्याने कार्यशाळेकडून शिकल्याचे हे उदाहरण आहे. नेहमी सांगितला जाणारा क्रम याच्या उलट असतो.

पहिल्या कॉर्व्हेटचा डॅशबोर्ड मात्र उपयोगापेक्षा देखाव्याकडे अधिक झुकला होता. इंजिनाच्या फेऱ्या दाखविणारा काटा चालकासमोर नव्हता. तो मध्यभागी होता आणि अन्य उपकरणेही आडव्या ओळीत पसरलेली होती. त्यामुळे चालकास रस्त्यावरून नजर हटवावी लागे. स्वतः मोटार चालविण्यासाठीच पटल घडविणारा घरगुती कारागीर ही चूक सहसा करीत नाही. तो प्रथम आसनावर बसतो, हात पुढे करतो, आणि जेथे बोटे सहज पोहोचतात तेथे खूण करतो. मापाची ही पद्धत शिंप्याची आहे. तयार कपड्यांच्या दुकानात ती आढळत नाही.

याच प्रदेशात १९६४ साली ब्रूस मेयर्स यांनी ‘मँक्स’ ही वाळूवर धावणारी मोटार घडविली. मेयर्स हेही नौकाबांधणीतून आलेले होते. आरंभीची रचना खर्चिक ठरल्यावर त्यांनी फोक्सवॅगन बीटलचा तळ आखूड करून त्यावर बसविता येईल असा फायबरग्लासचा साठा विकण्यास सुरुवात केली. ग्राहकाने तो घरी जोडावा अशी अपेक्षा होती. सुमारे ६,००० साठे विकले गेले. परंतु साठ्याची नक्कल करणे फार सोपे होते. विकत आणलेल्या साठ्यावरच प्लास्टर अथवा फायबर चढविले की नवा साचा तयार होई. मेयर्स यांनी शोध-हक्काच्या आधारे न्यायालयात दाद मागितली. तेथे त्यांना अपयश आले आणि नक्कल करणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. ज्या सुलभतेमुळे एक नौकाकार मोटार घडवू शकला, त्याच सुलभतेने त्याची निर्मिती त्याच्या हातातून निसटली. २०१४ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पहिल्या मँक्सचा समावेश झाला. हा सन्मान उशिराचा होता.

करप्रणाली आणि टंचाई : ब्रिटन व सोव्हिएत संघ :

घरगुती मोटारनिर्मिती केवळ हौसेतून वाढली असे समजणे अपुरे आहे. ब्रिटनमध्ये १९४० साली लागू झालेला खरेदी-कर तयार मोटारीवर आकारला जाई; सुट्या भागांच्या संचावर मात्र तो पडत नसे. साहजिकच सुटे भाग घेऊन घरी मोटार जोडणारा मोठा वर्ग तयार झाला. त्याआधीच १९३९ साली ऑस्टिन सेव्हन या छोट्या मोटारीवर प्रयोग करणाऱ्यांनी ‘७५० मोटर क्लब’ स्थापन केला होता. कॉलिन चॅपमन यांनी १९४८ साली लंडनमधील एका गॅरेजमध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून पहिली मोटार घडविली. पुढे त्यांच्या लोटस कंपनीची १९५७ सालची एलीट ही फायबरग्लासचा एकसंध सांगाडा असलेली मोटार ठरली. १ एप्रिल १९७३ रोजी मूल्यवर्धित कर आला, खरेदी-कर गेला आणि सुट्या भागांची करसवलतही संपली. त्यानंतर टिकले ते बहुधा खरोखर घडविण्याची आवड असणारे.

सोव्हिएत संघातील कारण वेगळे होते. तेथे मोटार मिळणेच दुष्कर होते आणि मिळाली तरी तिच्या रूपात निवडीला वाव नव्हता. तेथील हौशी निर्मात्यांच्या मोटारींना ‘समावतो’, म्हणजे स्वयंनिर्मित मोटार, असे म्हणत. मॉस्कोतील शेर्बिनिन बंधूंनी १९६९ साली फायबरग्लासचा साठा असलेली मोटार घडविली. साठ्याचे काम त्यांनी निवासी सदनिकेत केले होते. उत्तरेकडील उख्ता या गावात अलेक्सांद्र कुलीगिन यांनी १९८० साली ‘पांगोलिना’ तयार केली. तिला दारे नव्हती; संपूर्ण छतच वर उचलले जाई. ‘तेख्निका मोलोद्योझी’ या तरुणांसाठीच्या विज्ञान-मासिकाने अशा मोटारींना प्रसिद्धी दिली व त्यांच्या सामूहिक फेऱ्याही आयोजित केल्या. या मोटारींना तांत्रिक अटींची पूर्तता करून नोंदणीही मिळे. समतेच्या नावाखाली एकरूपता लादणाऱ्या व्यवस्थेतदेखील घरगुती निर्मात्यास तपासणीअंती रस्ता खुला होता, ही बाब उल्लेखनीय आहे.

साच्याविना निर्मिती : विमानविद्येचे ऋण :

हाताने थर चढविण्याच्या पद्धतीत एक अडचण होती. एकच वस्तू हवी असली तरी आधी प्रतिकृती, मग साचा आणि शेवटी वस्तू असे तिहेरी श्रम पडत. या अडचणीवरील उपाय हौशी विमानबांधणीतून आला. अमेरिकन अभियंते बर्ट रुटान यांच्या ‘व्हेरीईझी’ या विमानाने मे १९७५ मध्ये पहिले उड्डाण केले आणि पुढील वर्षापासून त्याचे आराखडे विक्रीस आले. यात हलका फोम तापलेल्या तारेने कापून हव्या त्या आकाराचा गाभा करीत आणि त्यावरच काचतंतूंचे कापड इपॉक्सीने चढवीत. साचा लागतच नसे. गाभा आतच राही आणि वस्तूला बळकटी देई. मोटारीसाठी एकच डॅशबोर्ड हवा असणाऱ्याला ही पद्धत वरदान ठरली.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे विमानविषयक अमेरिकन कायद्याची दृष्टी. तेथे हौशी बांधणीच्या विमानास स्वतंत्र वर्गात प्रमाणपत्र मिळते. विमानाचा मोठा भाग निर्मात्याने स्वतः, केवळ शिक्षण अथवा मनोरंजनासाठी घडविलेला असावा, ही त्याची अट आहे. घरी वस्तू घडविणे हे शिक्षण आहे, असे कायद्याच्या भाषेत येथे मान्य झालेले दिसते.

घरगुती डॅशबोर्डची घडण :

या इतिहासाचे मर्म समजण्यासाठी प्रत्यक्ष कृतीचा परिचय आवश्यक ठरतो. सर्वसाधारणपणे मूळ डॅशबोर्ड काढून त्यामागील कंस, वाहिन्या आणि तारा उघड्या केल्या जातात. प्लायवूडच्या कडा उभारून उपकरणांच्या जागा निश्चित होतात. मधल्या पोकळ्या फोमने भरून, घासून, लांबी लावून पृष्ठभाग गुळगुळीत करतात. दुसऱ्या पद्धतीत लाकडी चौकटीवर ताणता येणारे कापड खिळवून त्यावर राळ ओतली जाते. कापड स्वतःच दोन कडांमधील वक्राकार शोधते. मोटारीत ध्वनियंत्रणा बसविणाऱ्या कारागिरांमध्ये ही पद्धत विशेष रूढ झाली.

द्रव्यांची निवड चुकल्यास श्रम वाया जातात. पॉलिएस्टर राळेत स्टायरीन असते आणि त्यात थर्माकोल विरघळून जातो. त्यामुळे पॉलिएस्टरखाली पॉलियुरेथेन फोम वापरावा लागतो, अथवा थर्माकोलवर इपॉक्सी चढवावी लागते. प्रतिचौरस मीटर ४५० ग्रॅम वजनाच्या चटईच्या एका थराने सुमारे १ मिलिमीटर जाडी मिळते. म्हणजे ३ मिलिमीटर जाडीच्या पटलास तीन थर पुरतात. चटईच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट राळ लागते. राळ अधिक झाल्यास वस्तू मजबूत होत नाही, केवळ जड आणि ठिसूळ होते. कोबाल्ट प्रवेगक आणि पेरॉक्साइड हार्डनर एकमेकांत थेट मिसळल्यास स्फोट होऊ शकतो. म्हणून आधी कोबाल्ट राळेत ढवळून घ्यावे आणि मगच हार्डनर घालावा, हा या व्यवसायातील पहिला धडा होय. पॉलिएस्टर घट्ट होताना आकसते. घाईने साच्यातून काढलेले पटल पिळवटते आणि मोटारीतील छिद्रांशी जुळत नाही.

उन्हाचा प्रश्न याहून गंभीर आहे. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना येथे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उन्हात तासभर उभ्या केलेल्या मोटारींच्या डॅशबोर्डचे सरासरी तापमान सुमारे ६९ अंश सेल्सियस आढळले. नेहमीच्या हवेत घट्ट केलेल्या अनेक इपॉक्सी राळा ५० ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतात. त्या नंतर हळूहळू तापवून पक्क्या केल्या नाहीत, तर घरी सुंदर दिसणारा डॅशबोर्ड उन्हाळ्यात वाकतो आणि पृष्ठभागावर कापडाची वीण उमटते. चकचकीत पृष्ठभागाचे प्रतिबिंब पुढील काचेत पडते, म्हणून वरचा भाग निस्तेज ठेवावा लागतो. घडविणाऱ्याच्या आरोग्याचा प्रश्नही दुर्लक्षिता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनचा समावेश ‘संभवतः कर्करोगकारक’ या गटात केला. इपॉक्सीमुळे त्वचेची कायमची अतिसंवेदनशीलता उद्भवू शकते आणि काचतंतूंची धूळ श्वसनमार्गास त्रास देते. बंद खोलीत मुखपट्टीविना होणारे हे काम स्वस्त असले तरी निर्धोक नाही.

मस्तक, पटल आणि कायदा :

फोर्ड कंपनीने १९५६ च्या मोटारींत गादीचा डॅशबोर्ड ऐच्छिक म्हणून देऊ केला. १९६५ साली राल्फ नाडर यांचे ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ९ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत वाहन-सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा संमत होऊन सुरक्षेचे मानक ठरविण्याचा अधिकार सरकारकडे आला. १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या २०१ क्रमांकाच्या मानकाने डॅशबोर्डची कसोटी निश्चित केली. १६५ मिलिमीटर व्यासाचे, ६.८ किलोग्रॅम वजनाचे कृत्रिम मस्तक ताशी २४ किलोमीटर वेगाने पटलावर आदळविले असता, त्याचा मंदनवेग सलग ३ मिलिसेकंदांहून अधिक काळ गुरुत्वाच्या ८० पटींपलीकडे जाता कामा नये, असे त्याचे स्वरूप होते. युरोपातील नियमांत मस्तक पोहोचू शकेल अशा भागातील कडांची गोलाई किमान २.५ मिलिमीटर असावी, अशी अट आली.

घरगुती डॅशबोर्ड या कसोटीसमोर अडखळतो. तीन थरांचे फायबर कठीण असते. ते पत्र्यासारखे दबत नाही. मर्यादेपलीकडे गेल्यावर ते तडकते आणि त्याच्या कडा धारदार होतात. पुढे प्रवाशाच्या बाजूचा एअरबॅग डॅशबोर्डमध्येच आला, तेव्हा प्रश्न अधिक बिकट झाला. मूळ आवरणावर ठरावीक रेषेत फाटण्याची योजना असते. त्यावर चढविलेला फायबरचा एक थरदेखील त्या योजनेस बाधा आणू शकतो, किंबहुना स्वतःच तुकड्यांच्या रूपाने प्रवाशाच्या अंगावर उडू शकतो.

असे असले तरी ब्रिटनने घरगुती निर्मितीवर बंदी घातली नाही. तेथे १९९८ मध्ये एकेका वाहनाच्या स्वतंत्र तपासणीची पद्धत लागू झाली आणि २००९ मध्ये तिचे नवे रूप आले. तपासनीस प्रत्यक्ष मोटार पाहतो, कडांची गोलाई मोजतो आणि त्रुटी लेखी कळवितो. निर्माता दुरुस्ती करून पुन्हा येतो. कारखान्यास हजारो मोटारींसाठी एकदा द्यावी लागणारी परीक्षा येथे हौशी निर्माता आपल्या एकाच मोटारीसाठी देतो.

भारतीय संदर्भ :

भारतात वाहनाचा पुढील भाग स्थानिक कारागिराने घडविणे ही अपरिचित गोष्ट नव्हती. मालमोटारी अनेक दशके केवळ सांगाड्याच्या स्वरूपात विकल्या जात. लाकडी केबिन गावोगावचे सुतार आणि बॉडी-बिल्डर बनवीत. फायबरग्लासच्या मोटारींचा प्रयत्न प्रथम बंगळूरमध्ये झाला. सनराइज ऑटोमोटिव्ह इंडस्ट्रीजची तीनचाकी ‘बादल’ १९७० च्या दशकात आली आणि सिपानींची ‘डॉल्फिन’ १९८० च्या दशकाच्या आरंभी आली; ती ब्रिटनच्या रिलायंट किटनवर आधारलेली होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरग्लासची दोन आसनी मोटार तयार होऊ लागली. अलिबाग परिसरात चिंकारा मोटर्सने ‘रोडस्टर १.८ एस’ ही हाताने घडविलेली मोटार काढली. तिचे इसुझू इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बॅसेडरमधून परिचित झालेले होते. मुंबईतून काम सुरू करणाऱ्या दिलीप छाब्रिया यांच्या डी. सी. डिझाइन या संस्थेने १९९३ पासून मोटारींच्या अंतर्भागाची पुनर्रचना हा व्यवसायच उभा केला. लहान प्रमाणावरील उत्पादनास फायबर परवडते आणि पोलादी ठसे परवडत नाहीत, हे आर्थिक गणित या बहुतेक प्रयत्नांच्या मुळाशी दिसते.

कायद्याची दिशा मात्र उलट राहिली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली सुधारणा झाली. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलाहून भिन्न होतील असा बदल करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ अन्वये अनुज्ञात नसलेल्या बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांत पुढील प्रवाशासाठीही एअरबॅग अनिवार्य झाला. नोंदणी प्रमाणपत्रात डॅशबोर्डचा रकाना नाही. परंतु एअरबॅग सामावणारे पटल म्हणजे केवळ सजावट, असेही आता म्हणता येत नाही. परिणामतः गल्लीतील कारागीर काम करतो, ग्राहक ते करवून घेतो, आणि त्या कामाची गुणवत्ता तपासणारे कोणीही नसते. कठोर तरतुदीने घरगुती डॅशबोर्ड थांबलेला नाही, त्याची परीक्षा मात्र थांबली आहे.

या पार्श्वभूमीवर अभियांत्रिकी महाविद्यालयांतील चित्र विचारात घेण्यासारखे आहे. २००० नंतरच्या दशकापासून विद्यार्थ्यांनी स्वतः मोटार घडवून उतरावयाच्या स्पर्धा देशात रुजल्या. तेथे विद्यार्थी हाताने थर चढवितात, पटले घडवितात आणि धावण्यापूर्वी प्रत्येक वाहनाची तांत्रिक तपासणी होते. बंद मैदानापुरती का होईना, घडविण्याची मुभा आणि तपासणीचे बंधन ही दोन्ही तत्त्वे तेथे एकत्र नांदतात.

निष्कर्ष :

१) काचतंतू व राळ यांच्या संमिश्र द्रव्याने उत्पादनाच्या साधनांची किंमत घटविली. त्यामुळे मोटारीच्या इतिहासात घरगुती कार्यशाळेस स्वतंत्र स्थान मिळाले. ग्लासपार ते कॉर्व्हेट हा प्रवास पाहता, काही प्रसंगी कारखान्याने तिचे अनुकरण केले असे म्हणता येते.

२) घरगुती निर्मितीची प्रेरणा देशकालपरत्वे बदलली. ब्रिटनमध्ये करसवलत, सोव्हिएत संघात टंचाई आणि कॅलिफोर्नियात नौकाबांधणीचे कसब ही त्यांपैकी प्रमुख कारणे होत.

३) सुरक्षाविषयक कायदा हा हौशी निर्मात्याचा शत्रू होता असे सरसकट म्हणता येत नाही. डॉ. स्ट्रेथ यांनी स्वतःच्या मोटारीत केलेला बदल आणि १९६८ चे मानक यांमागील चिंता एकच होती. प्रवाशाचे मस्तक सुरक्षित राहावे, ही ती चिंता.

४) भारतात निषेध आणि दुर्लक्ष यांच्यामध्ये तिसरा मार्ग आवश्यक आहे. एकेका वाहनाची परवडणारी, लेखी कारणे देणारी तपासणी हा तो मार्ग ठरू शकेल. ज्या पटलात एअरबॅग आहे ते घरगुती कामातून वगळावे. ज्यात नाही त्याची कडा, जाडी आणि दबण्याची क्षमता तपासून निर्णय व्हावा. तपासनीस घडविण्यासाठी लागणारे ज्ञान आणि प्रयोगशाळा अनेक महाविद्यालयांत आजच उपलब्ध आहेत.

५) हाताने वस्तू घडविणाऱ्यास द्रव्याचे वर्तन, मापाची शिस्त आणि चुकीची किंमत यांचे जे ज्ञान होते, ते पाठ्यपुस्तकातून सहज मिळत नाही. हे ज्ञान बेकायदेशीरपणाच्या अंधारात ठेवल्यास त्याचा लाभ समाजास होणार नाही, आणि त्यातील धोका मात्र त्या मोटारीत शेजारी बसणाऱ्यास सोसावा लागेल.